आधी ‘ड्रॅक्युला’ की आधी ‘कार्मिला’?

पिशाच्चाची अभिजात कादंबरी वाचायची म्हटलं की हात आपसूक ‘ड्रॅक्युला’कडे जातो. मला विचाराल तर आधी ‘कार्मिला’ घ्या. ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ १८९७ची, शेरिडन ल फानूची ‘कार्मिला’ तिच्याही २५ वर्षं आधी पुस्तकात आलेली. दोघंही डब्लिनचे. ‘कार्मिला’ एका बैठकीत संपते. ‘ड्रॅक्युला’ची प्रकरणं २७, आणि मधली काही रेटावी लागतात.

‘ड्रॅक्युला’च्या पहिल्या चार प्रकरणांना मात्र तोड नाही. काउंट ड्रॅक्युलाच्या गढीत पाहुणा असलेला तरुण वकील हार्कर दाढी करतोय, काउंट मागून खांद्यावर हात ठेवतो, आणि आरशात कुणीच नाही. एवढ्या मोठ्या गढीत नोकर कसा दिसत नाही, हे कोडं दाराच्या फटीतून सुटतं: खुद्द काउंटच पाहुण्यासाठी जेवणाचं टेबल मांडतोय! डोकं खाली करून भिंतीवरून उतरणाऱ्या काउंटपेक्षा मला हाच जास्त भिववतो.

पुढे तो जवळजवळ गायबच होतो. उरतात त्याचा माग काढणारी मंडळी, त्यांच्या डायऱ्या, पत्रं, तारा आणि हार्करच्या मीनाचा टाइपरायटर. काउंटला इंग्लंडला आणणाऱ्या ‘डिमिटर’ जहाजाच्या नोंदी, ज्यात एकेक खलाशी कमी होत जातो, त्या लाजवाब. पण पिशाच्चांचा जाणकार डॉक्टर व्हॅन हेल्सिंगचं मोडक्या इंग्रजीतलं पाल्हाळ! काउंटने रक्त शोषलेल्या ल्यूसीला, मीनाच्या मैत्रिणीला, चौघांचं रक्त पाळीपाळीने चढवतात. रक्तगट तेव्हा माहीतच नव्हते, त्यामुळे आजच्या वाचकाला काउंटपेक्षा डॉक्टरांचीच धास्ती वाटते.

‘कार्मिला’त पिशाच्चाला शोधायला जावं लागत नाही, ते घरात पाहुणचार घेतंय. ऑस्ट्रियातल्या स्टिरियात रानातली एकाकी गढी. बग्गी उलटते, आतली बाई आपली मुलगी तीन महिन्यांसाठी या अनोळखी घरी सोपवून निघून जाते. घरातली १९ वर्षांची लॉरा मैत्रिणीला आसुसलेली. पाहुणी, म्हणजेच कार्मिला, दुपारी उशिरा खाली येते, कपभर चॉकलेट घेते, खात काहीच नाही, चार पावलं चालली की थकते. गावातल्या मुलीची अंत्ययात्रा जाते तेव्हा लॉरा स्तोत्रात सूर मिसळते, तर ही कानांत बोटं घालून रागाने थरथरते. आपण केव्हाच ओळखलेलं असतं. तरी तिची माया खरी की भूक, हे लॉराइतकंच आपल्यालाही ठरवता येत नाही. शेवटी पिशाच्चांचा अभ्यासक बॅरन व्होर्डेनबर्ग मात्र शेवटची एसटी सुटत असल्यासारखा घाईघाईने सगळा उलगडा करून टाकतो. तेवढं खटकतं.

दोन्ही पुस्तकांचे हक्क संपलेत, मूळ इंग्रजी नेटवर फुकट मिळतं. पाठलाग आणि टोळीने केलेली शिकारच हवी असेल, तर खुशाल ‘ड्रॅक्युला’ उचला. फक्त सातव्या प्रकरणाच्या आत ती खाली ठेवू नका, ‘डिमिटर’ तिथेच इंग्लंडमधल्या व्हिट्बीच्या बंदराला लागतं.