वाकळ शिवताना दोरा तुटायचा, गणपती पेठेतल्या मशीनवाल्या मामांकडं मशीन नेली त्याचा अनुभव

ज्यांच्या मशीनवर वाकळ, गोधडी शिवताना दोरा सारखा तुटतोय त्यांनी हे जरूर वाचा, कारण या एका गोष्टीपायी माझा दीड महिना गेला आणि दोन ऑर्डरी परत कराव्या लागल्या. सांगलीत गणपती पेठेच्या आतल्या एका गल्लीत एक मामा मशीन दुरुस्त करतात, दुकान म्हणजे एक शटर, बोर्ड नाही. त्यांनी स्वतःच सांगितलं की नाव नंबर कुठं टाकू नका, काम करताना फोन घ्यायला हात मोकळा नसतो, म्हणून टाकत नाही. पेठेत वाकळीची मशीन कोण दुरुस्त करतं एवढं विचारा, दाखवतात.

माझी मशीन साधी काळी, सरळ टाक्याची, आईची. आधी पायावर चालायची, आता मोटर बसवलीय. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा गावभागातलं आमचं घर पाण्यात होतं आणि मशीन पण. पाणी उतरल्यावर चिखल धुतला, रॉकेलनं साफ केली, तेल घातलं आणि चालू झाली. त्यानंतर ब्लाउज, परकर, अभ्रे, पिशव्या सगळं शिवलं, कधी तक्रार नाही. गेल्या वर्षी वाकळीच्या ऑर्डरी घ्यायला लागले आणि तिथनं हे सुरू झालं. वर साडी, खाली साडी, मधी जुनी धोतरं नाहीतर सुती साड्यांचे तीन-चार थर, वीतभर शिवलं की टक्. परत ओवायचं, परत वीतभर, परत टक्. आणि वाकळीत जिथं तुटलेल्या दोऱ्याचा जोड येतो तिथं उलट्या बाजूनं गाठ हाताला लागते, बाळाच्या अंगाखाली घालायची वस्तू ती, तशी द्यायला माझं मन होईना.

आधी दुसऱ्या एका ठिकाणी नेली होती. त्यांनी वरच्या दोऱ्याचं टेन्शन, म्हणजे ताण, आवळलं, पातळ कापडाच्या तुकड्यावर टाका मारून दाखवला, छान आला, ४०० रुपये घेतले. घरी येऊन वाकळ लावली तर आधीपेक्षा जास्त तुटायला लागला. परत गेले तर म्हणाले पुरातली मशीन आहे, भंगारात द्या आणि नवीन घ्या. आईची मशीन, असं कोणी म्हटलं की काय वाटतं ते मी इथं लिहू शकत नाही.

मामांनी मशीन बघायच्या आधी विचारलं, वाकळ आणलीय का? मी म्हटलं नाही. म्हणाले, "मग उद्या या. वाकळ आणा, जो दोरा घालता तोच आणा, सुई पण तीच राहू दे. पातळ कापडावर कुठलीबी मशीन चालती ओ ताई." या एका वाक्यासाठी मी त्यांना पैकीच्या पैकी मार्क देते. दुसऱ्या दिवशी रिक्षात घालून सगळं नेलं, त्यांनी मलाच शिवायला बसवलं. वीतभर गेलं आणि तुटला. सवयीनं मी दोरा ओढून ओवायला घेतला तर म्हणाले थांबा, टोक बघू. ते टोक त्यांनी ट्यूबलाइटसमोर धरलं, पुढं बारीक कुंचल्यासारखं पिंजलेलं होतं. म्हणाले हा तुटलेला नाही, घासून घासून गेलाय. टोक कात्रीनं कापल्यासारखं साफ असेल तर कुठंतरी धार लागतीय, ताणून बारीक होऊन वळलेलं असेल तर टेन्शन जास्त आहे, आणि पिंजलेलं असेल तर सुई नाहीतर सुईखालची प्लेट बघायची. इतकी वर्षं शिवतेय पण तुटलेलं टोक मी कधी बघितलंच नव्हतं, कापून टाकत होते.

मग सुई काढली. हातभर दोरा सुईत ओवला, दोन्ही हातात तिरका ताणून धरला आणि सुई वरच्या टोकाला नेऊन सोडली. माझी १४ नंबरची सुई मध्येच अडकून बसली. त्यांनी नवीन १६ नंबरची ओवून सोडली ती सरसर खाली आली. कारण सांगितलं ते मला फार पटलं, दोरा एका टाक्यात बसायच्या आधी सुईच्या नेढ्यातनं कितीतरी वेळा वर-खाली होतो, म्हणजे नेढं जरा जरी खरखरीत झालं असेल तर दोऱ्याची तीच जागा परत परत घासली जाते. जाड वाकळीत बारीक सुईनं भोक पण बारीक पडतं, दोरा त्यात आवळला जातो. आणि मोटर जोरात सोडली की सुई तापते, आतबाहेर पॉलिस्टर साड्या असल्या तर ते आणखी वाईट. माझी सुई कधी बदलली होती ते मला आठवत पण नव्हतं. ते म्हणाले, मोडायची वाट बघायची नाही, दर वाकळीला नवीन घाला.

पण खरा दोष प्लेटमध्ये निघाला. त्यांनी कापसाचा बारीक बोळा घेतला आणि सुईच्या भोकाभोवती हळू फिरवला, एका बाजूला कापसाचे तंतू अडकून राहिले. तिथं मागं कधीतरी सुई आपटून ओरखडा पडलेला, आणि त्यावर पुराच्या पाण्याचा गंज धरलेला. डोळ्याला काही दिसत नव्हतं, मी नखानं बघितलं तेव्हा कळलं. पातळ कापडात सुई सरळ जाते म्हणून दोरा तिकडं लागत नव्हता, वाकळीत मी कापड हातानं पुढं ओढत होते त्यामुळं सुई वाकायची आणि दोरा बरोब्बर त्याच कडेला घासायचा. झिरो नंबरच्या पॉलिश पेपरची बारीक सुरळी करून त्यांनी त्या भोकात फिरवली, परत कापूस, परत पेपर, असं चार-पाच वेळा, कापूस अडकायचा थांबला तेव्हाच सोडलं. खाली दोऱ्याचा फास पकडणाऱ्या शटलचं टोक पण तसंच बघितलं, ते चांगलं निघालं.

बाकी बारीकसारीक. आवळलेलं टेन्शन सैल केलं, वरच्या-खालच्या दोऱ्याची गाठ वाकळीच्या पोटात बसली पाहिजे, खालचा दोरा वर डोकावला की वरचं जास्त आवळलंय. कापड दाबून धरणाऱ्या फूटचा दाब कमी केला, आता जाड थर आपोआप सरकतात आणि मला ओढावं लागत नाही. दोरा ओवताना फूट वर ठेवायचा, नाहीतर तो टेन्शनच्या चकत्यांमध्ये नीट बसत नाही, हे मला माहीत होतं पण घाईत करत नव्हते. सासूबाईंच्या डब्यातली जुनी सुती रिळं त्यांनी दोन हातांत धरून नुसती झटकली, तटकन तुटली, ती आता मशीनवर घालत नाही. मोठा कोन रिळाच्या खिळ्यावर न घालता मशीनच्या मागं वाटीत उभा ठेवायचा आणि दोरा वरनं तारेच्या कडीतनं आणायचा, म्हणजे हिसके बसत नाहीत. आणि जुन्या साड्यांचा किस! कापड सरकवणाऱ्या दात्यांखालनं त्यांनी ब्रशनं एवढा काढला की मूठ भरली.

सगळ्याचे २५० रुपये घेतले, त्यात दोन सुया. सुई कशी लावायची ते पण माझ्याकडनं करून घेतलं, लांब खाच ज्या बाजूनं दोरा ओवतो त्या बाजूला, आणि दांडा वर टेकेपर्यंत घालायचा. गोल दांड्याची कारखान्यातल्या मशीनची सुई आपल्या मशीनला घालायची नाही, दुकानदारानं दिली तरी.

आता उणं. पावती देत नाहीत. घरी येत नाहीत, मशीन आपणच न्यायची. दुपारी १ ते ४ शटर बंद, हे मला माहीत नव्हतं आणि मी पहिल्या दिवशी उन्हात तीन तास थांबले. बसायला जागा नाही, गुडघे दुखणाऱ्यांनी कोणाला तरी सोबत न्या. कॉम्प्युटरवाल्या मशीनला ते हात लावत नाहीत, तसं सरळ सांगतात. गोल गोल मोकळी नक्षी शिवायची होती त्याबद्दल विचारलं, त्यासाठी दाते झाकायची पट्टी लागते, ती त्यांच्याकडं नव्हती, तेवढं काम राहिलं.

त्यानंतर तीन वाकळी झाल्या. पहिलीत दोरा दोनदा तुटला, दोन्ही वेळा पैठणीच्या जरीच्या काठावर, जरीची तार सुईला आणि दोऱ्याला दोन्हीला खाते, आता काठ आधी उसवून बाजूला ठेवते. दुसरीत एकदा, बॉबीन संपत आली तेव्हा. तिसरी परवा रात्री पूर्ण केली, मिरजेच्या एका ताईंच्या नातवाच्या बारशासाठी, चारी बाजूंनी आत आत जाणाऱ्या टाक्यांची, एकही जोड नाही. उलटी करून पूर्ण वाकळीवरनं तळहात फिरवला, कुठं गाठ लागली नाही.

जाणार असाल तर सकाळी १० ला जा, सोमवारी बंद असतं, आणि शिवत असलेली वाकळ बरोबर न्यायला विसरू नका.