पुण्यातला चित्रकलेचा ऑइल-अ‍ॅक्रिलिकचा अ‍ॅडव्हान्स क्लास: ऑइलसाठी डोळे झाकून जा, अ‍ॅक्रिलिकचं बघा बुवा

क्लासचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण खाली तक्रारीही आहेत आणि सर माणूस म्हणून फार चांगले आहेत. रविवार सकाळची बॅच, बेसिक येणाऱ्यांसाठीची, पहिला भाग ऑइल म्हणजे तेलरंग आणि दुसरा पाण्यात कालवायचं अ‍ॅक्रिलिक.

आधी हा क्लास कोणासाठी आहे ते सांगते. शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेली, मग नोकरी-संसारात ब्रश कुठे गेले पत्ता नाही, मग लॉकडाऊनमध्ये यूट्यूब बघून सूर्यास्त, नारळाची झाडं, पाण्यातलं प्रतिबिंब सगळं काढून झालं, भिंती भरल्या, नातेवाईकांना वाटून झालं, पण चित्र आहे तिथेच आहे, पुढे काही सरकत नाही. बॅचमधले आम्ही बहुतेक सगळे याच कॅटेगरीतले. ब्रश पहिल्यांदाच हातात धरणार असाल तर इथे येऊ नका, वैतागाल.

वैताग तसा आम्हालाही आलाच. पहिला महिना रंगच नाहीत! बर्न्ट अंबर आणि टायटॅनियम व्हाइट, दोन ट्यूबा, बास. समोर पितळी तांब्या, खाली पांढरी चादर, बाजूला एक पिवळा बल्ब आणि खिडक्यांना पडदे. एक काका दुसऱ्या रविवारपासून आलेच नाहीत, म्हणाले पैसे भरून चॉकलेटी चित्रं कोण काढणार. पण सरांचं म्हणणं होतं की तुमचा रंग चुकत नाहीये, उजेड-अंधार चुकतोय. डोळे बारीक करून बघा, मोबाईलवर चित्राचा आणि तांब्याचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढा आणि शेजारी शेजारी ठेवा. ठेवल्यावर कळतं की आपण सावलीसुद्धा भीत भीत काढतो, सगळं मधल्याच टोनमध्ये, गडद म्हणावं असं कुठे काही नाहीच.

मग चार रंग दिले. यलो ऑकर (मातकट पिवळा), लाल, काळा, पांढरा. अँडर्स झॉर्न (१८६० ते १९२०) नावाच्या स्वीडिश चित्रकाराच्या नावाने ही पॅलेट (रंगांचा संच) ओळखली जाते. यात निळी ट्यूब नाही, हिरवी नाही, आणि तरी काळ्यात ऑकर मिसळला की चक्क शेवाळी हिरवा निघतो, काळ्यात पांढरा मिसळला की लाल-पिवळ्याच्या शेजारी तो निळसर दिसायला लागतो. पितळेच्या सावलीच्या बाजूला जो मेंदीसारखा रंग असतो ना, तो मला आजवर ट्यूबमध्ये मिळाला नव्हता, तो इथे काळ्या आणि ऑकरच्या मिश्रणात सापडला.

आणि या क्लासची खरी वसूल गोष्ट म्हणजे नाइफची ट्रिक. रंग मिक्स केला की कॅनव्हासवर लावायचा नाही, पॅलेट नाइफच्या टोकावर घ्यायचा, हात लांब करून एक डोळा मिटून त्या वस्तूच्या बरोबर समोर धरायचा. जास्त उजळ आहे का, जास्त थंड (निळसर) आहे का, लगेच दिसतं. चादरीची सावली सगळ्यांनी राखाडी बनवलेली, नाइफवर धरल्यावर कळलं की तांब्याच्या बुडाजवळ ती चादर नारिंगी झालीये, पितळेचा उजेड पडून. सर मागे उभे राहून फक्त एवढंच विचारतात, "तिकडे तोच रंग आहे का?" तुमच्या कॅनव्हासवर स्वतः ब्रश मारत नाहीत, कितीही विनवण्या करा. बाकी क्लासेसमध्ये शेवटी सरच चित्र पूर्ण करतात आणि आपण घरी येऊन फेसबुकवर टाकतो, तसं इथे होत नाही.

टेक्निकचं कारणासकट सांगतात हेही आवडलं. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, म्हणून खालचा थर टर्पेंटाइनने पातळ केलेला, कमी तेलाचा, आणि वर जाताना तेल वाढवत न्यायचं. उलटं केलं तर वरचा थर आधी घट्ट होतो, खालचा नंतर हलतो आणि तडे जातात. अंबर पटकन वाळतो कारण त्यात मँगनीज असतं, काळा आणि टायटॅनियम रेंगाळतात, म्हणून पहिल्या थराला अंबर. तेलाची फडकी बोळा करून कचऱ्यात टाकायची नाहीत, आपोआप तापून पेट घेऊ शकतात, त्यासाठी पाणी भरलेला झाकणाचा डबा कोपऱ्यात ठेवलेला असतो. (हे मला कुठल्याच व्हिडिओत कोणी सांगितलं नव्हतं, आणि मी आपली किचनच्या डस्टबिनमध्ये फडकी कोंबायचे.)

सामानाचा बाऊ नाही. आपल्या दांडेकरांनी १९३१ साली सुरू केलेली कॅमलिन चालते, फक्त आर्टिस्ट ग्रेड घ्या म्हणतात, आणि ट्यूबवर पिगमेंटचा (रंग देणाऱ्या पुडीचा) नंबर वाचायला शिकवतात. नावापुढे ह्यू लिहिलं असेल तर मूळ पिगमेंटऐवजी दुसरं काहीतरी घातलेलं आहे, दरवेळी वाईटच असतं असं नाही, पण मिक्सिंगमध्ये वेगळं वागतं.

मध्ये एकदा सगळ्यांना साताऱ्याकडच्या औंधच्या म्युझियमला नेलं. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभं केलेलं, राजा रविवर्म्याची मूळ ऑइल पेंटिंग्ज तिथे आहेत. सरांनी समोरून बघू दिलंच नाही आधी, कडेला उभं केलं, उजेड तिरका पडतो तिथून रंग कुठे पातळ आणि कुठे जाड ते बघायला लावलं. कॅलेंडरवर हे दिसणं शक्यच नाही.

आता तक्रारी. टर्पेंटाइनचा वास! बाहेर पाऊस, खिडक्या बंद, आत सगळ्यांचे टर्पेंटाइनचे डबे उघडे, दुपारपर्यंत डोकं भणभणतं. एक्झॉस्ट फॅन आहे पण तो शोभेला. दमा असेल त्यांनी आधी जाऊन बघून या.

आणि अ‍ॅक्रिलिकचा भाग म्हणजे निव्वळ भरती. सरांचा जीव ऑइलमध्ये, अ‍ॅक्रिलिक असिस्टंटकडे दिलंय, आणि त्यांनी थेट टेक्श्चर पेस्टवर (उठाव देणारा जाड लेप) सोनेरी मोर काढायला घेतले. मोर छान झाले, दिवाळीत विकलेही गेले काहींचे, पण अ‍ॅडव्हान्स ते काय? पुण्याच्या एप्रिलमध्ये पॅलेटवरचा रंग बघता बघता वाळतो, त्याचं काय करायचं (ओल्या टिश्यूवर बटर पेपर घालून त्यावर रंग काढा, हे मी नंतर स्वतः शोधलं), रिटार्डर (वाळणं लांबवणारं द्रव्य) किती घालायचा, ग्लेझिंगला (पातळ पारदर्शक थर द्यायला) कुठलं मीडियम (रंगात मिसळायचं द्रव्य), वाळल्यावर रंग गडद का होतो, एक अक्षर नाही. ते गडद होतं कारण त्यातला बाइंडर (रंगाची पूड धरून ठेवणारा चिकट पदार्थ) ओला असताना दुधाळ असतो आणि वाळून पारदर्शक होतो, म्हणून मिक्स करतानाच थोडा उजळ ठेवायचा. एवढं सांगायला पाच मिनिटं लागतात हो.

फी दोन्ही भागांची मिळून घेतात, पण आमच्यातल्या एका मावशींनी नुसत्या ऑइलचे भरते म्हणून हट्ट धरला आणि क्लासवाल्यांनी ऐकलं, तेव्हा विचारून बघा. ऑनलाइन बॅचही आहे, ती मात्र घेऊ नका, कॅमेऱ्यात सगळे रंग बदलतात, मग नाइफ धरून करणार काय. टू-व्हीलर गेटच्या आत लावा, बाहेर उचलतात.