गेममधल्या सूचना कुणाकडून लिहून घ्याव्यात: टेम्प्लेट, अल्गोरिदम की एलएलएम?

खोलीत सारख्याच आकाराची तीन बटणं आहेत, दोन लाल आणि एक निळं. खेळाडूला डावीकडचं लाल बटण दाबायला लावायचंय. हे गेमनं शब्दांत कसं सांगायचं?

टेम्प्लेट सगळ्यात सोपं: ठरलेलं वाक्य, रिकाम्या जागी वस्तूचं नाव. लेव्हल छोटी आणि वस्तू मोजक्या असतील तर दुसरं काही शोधूच नका. फक्त मराठीत 'निळं बटण', 'निळी पेटी', 'निळ्या दिव्याखाली' असं सगळं बदलत जातं, म्हणून प्रत्येक वस्तूसोबत तिचं लिंग आणि सामान्यरूप साठवून ठेवा.

वस्तू वाढल्या, खेळाडू मोकळा फिरू लागला, की माझं मत अल्गोरिदमला, म्हणजे वर्णन पायरीपायरीनं ठरवणाऱ्या नियमांना. संशोधक रॉबर्ट डेल आणि एहुद राइटर यांचा १९९५ चा इन्क्रिमेंटल अल्गोरिदम अजूनही कामाचा आहे. गुणधर्मांचा क्रम आधी ठरवायचा: रंग, आकार, जागा. एकेक लावून बघायचा; ज्यानं नको असलेली एखादी तरी वस्तू गळते तो ठेवायचा, बाकीचे सोडायचे. आपल्या खोलीत रंगानं निळं बटण गळतं, आकारानं काहीच गळत नाही, जागेनं एकच उरतं: 'डावीकडचं लाल बटण'. वर्णन दरवेळी सर्वांत आटोपशीर निघेलच असं नाही, पण झटपट निघतं आणि चुकलं तर कुठे चुकलं ते सापडतं.

एलएलएमची, म्हणजे चॅटजीपीटीसारख्या मोठ्या भाषा-मॉडेलची, वाक्यं ओघवती असतात, खेळाडूनं 'कुठलं?' विचारलं तर उत्तरही देता येतं. पण वस्तूंची यादी हातात देऊनही ते कधीकधी नसलेला दरवाजा उघडायला सांगतं. शिवाय उत्तर येईपर्यंत खेळाडू वळलेला असतो आणि त्याचं डावं उजवं झालेलं असतं! वेळेची ही अडचण मला भाषेच्या सफाईपेक्षा कितीतरी मोठी वाटते. खेळाडू मोकळा फिरला की सूचना कशा अवघड होतात, हे 'गिव्ह चॅलेंज' या संशोधन स्पर्धेत दिसतं. तिथे इंटरनेटवरचे खेळाडू प्रोग्रामच्या सूचनांवर बटणं दाबत ट्रॉफीपर्यंत पोचायचे. पहिल्या फेरीत चाल चौकोनाचौकोनानं होती. २०१० च्या फेरीत ती मोकळी झाली आणि 'तीन पावलं पुढे' असं मोजून सांगायची सोयच गेली.

संवाद हवाच असेल तर कुठली वस्तू आणि कुठल्या खुणेनं ओळखायची, हे अल्गोरिदमलाच ठरवू द्या; एलएलएमकडे फक्त वाक्यरचना. वाक्य पडद्यावर जाण्याआधी खेळाडूची त्या क्षणाची दिशा पुन्हा तपासा, आणि खूण जुळत नसेल तर ते वाक्य टाकून द्या.