चार टक्स, कटोरी की प्रिन्सेस कट? ब्लाउज शिवायला टाकण्याआधी

ब्लाउज शिवायला टाकताना गळा, बाही आणि लटकन ठरवण्यात अर्धा तास जातो. पुढचा भाग कोणत्या कटमध्ये हवा असं टेलरने विचारलं, की मात्र आपण "नेहमीसारखाच" म्हणून मोकळ्या होतो. खरं तर ब्लाउज अंगावर कसा बसणार, हे बहुतांशी तिथेच ठरतं. घरातल्या आणि शेजारपाजारच्या बायकांचे ब्लाउज मी बरीच वर्षं शिवते आहे आणि तिन्ही कट स्वतः वापरून पाहिले आहेत. आता माझा एक कट ठरलेला आहे. प्रत्येकीला तोच शोभेल असा माझा दावा नाही, पण तो का ठरला ते सांगितलं तर निवडायला सोपं जाईल.

आधी एक गोष्ट लक्षात घेऊ. कुर्ती सगळ्या बाजूंनी दिसते, ब्लाउज तसा दिसत नाही. साडी नेसली की डावी बाजू पदराखाली जाते. उरते ती उजवी बाजू, दोन्ही बाह्या आणि पाठ. त्यामुळे "उभ्या रेषांनी बारीक दिसाल" वगैरे सल्ले ब्लाउजला निम्मेच लागू पडतात. इथे रूप येतं ते कापड अंगाला न ओढता, न फुगता बसण्यातून.

चार टक्सचा ब्लाउज हा आपल्याकडचा पाया. कमरेचा, हुकपट्टीकडचा, काखेखालचा आणि मुंढ्याचा (बाही जोडतात त्या गोलाईचा) असे चार टक्स, म्हणजे कापड चिमटून घातलेल्या निमुळत्या शिलाया, छातीच्या उंचवट्याकडे वळतात आणि सपाट कापडाला गोलाई येते. शिवून लवकर होतो, कापड बेताचं लागतं; मध्यम अंगाच्या बाईला 80 सेंटिमीटरचा ब्लाउजपीस पुरतो. सडपातळ बांधा, छाती बेताची, खांदे सरळ असतील, तर मी आजही हाच सुचवते. अशा अंगाला टक्स उथळ लागतात आणि उथळ टक्सची टोकं कापडात विरून जातात. अडतं ते टक्स खोल घ्यावा लागला की. एका टक्समध्ये सव्वा इंचाहून जास्त कापड धरलं, की टोकाशी ते उठून राहतं आणि कितीही इस्त्री फिरवली तरी बसत नाही. टोक टक्स पॉइंटच्या, म्हणजे छातीच्या सगळ्यात उंच बिंदूच्या, पाऊण-एक इंच अलीकडे थांबवलं तर थोडं सुधारतं, पण थोडंच.

हेही मी चालवून घेतलं असतं. मला वैताग आणला तो हुकांच्या मधल्या फटीने.

आरशासमोर उभं राहिलं की सगळं ठीक असतं. खाली बसलं, पंगतीत वाढायला वाकलं, नाहीतर कडेवर पोर घेतलं, की दुसऱ्या आणि तिसऱ्या हुकाच्या मधे पट्टी फाकते. मग पदर तिथे आणून धरायचा, आतून सेफ्टी पिन लावायची, आणि पिनेने पैठणीच्या पीसला भोक पाडून घ्यायचं. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या बायकांची हीच तक्रार असते. त्यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे बाजूची शिलाई उसवून अर्धा इंच सैल करणं. त्याने पाठीत झोळ पडतो, काखेत कापड गोळा होतं आणि फट जिथल्या तिथे राहते. कारण घेर कमी पडलेलाच नसतो. एकूण माप बरोबर असतं, कापड चुकीच्या जागी असतं.

हे समजायला दोन मापं घ्यावी लागतात. एक नेहमीचं छातीचं. दुसरं त्याच्या वरचं, काखेतून टेप नेऊन घेतलेलं, ज्याला अप्पर चेस्ट म्हणतात. दोन्हींत दीड-दोन इंचांचा फरक असेल तर चार टक्स बिनघोर शिवा. फरक तीन-चार इंचांवर गेला आणि कटिंग नुसत्या छातीच्या मापावरून झालं, की तीरा (खांद्यापासून खांद्यापर्यंतची रुंदी) आणि गळा मोठे होतात, खांदे उतरतात आणि जिथे खोली हवी तिथे ती नसते. मग ताण येतो तो सरळ हुकपट्टीवर. हा आकडा कुठल्या पुस्तकातला नाही, माझ्या हाताला लागलेला अंदाज आहे. एखाद्या अनुभवी शिंप्याचा अंदाज वेगळाही असेल.

मापाला जुना ब्लाउज देणाऱ्यांनी इथे विशेष जपावं. त्या ब्लाउजला फट पडत असेल, तर नव्यालाही ती मापासकट मिळते. जुना द्यायचाच असेल तर सोबत अप्पर चेस्ट, खांद्यापासून टक्स पॉइंटपर्यंतची उंची आणि दोन पॉइंटमधलं अंतर अंगावर घेऊन लिहून द्या.

कटोरीची बाजू मला मनापासून घ्यावीशी वाटते, कारण तिला उगाच जुनाट ठरवलं गेलं आहे. छातीचा गोल भाग वेगळा कापून जोडलेला, खाली रुंद बेल्ट. भरलेल्या अंगाला ती जो आधार देते तो बाकी दोन्ही कट देत नाहीत, आणि बेल्टमुळे ब्लाउज दिवसभर जागचा हलत नाही. माझ्या मावशीने आयुष्यभर कटोरीच घातली आणि तिच्या अंगावर ती सुरेख दिसायची. फटीचा त्रासही चार टक्सपेक्षा कमी. पण कटोरीत एकदा शिवलेला गोल हा तेवढाच राहतो. बाळंतपणानंतर अंग उतरलं की तो रिकामा पडतो, आणि मग पुढचा भाग पूर्ण उसवल्यावाचून गत्यंतर नसतं. शिवाय साध्या सिल्कवर किंवा पातळ शिफॉनच्या पदराखाली कटोरीची गोल शिलाई उठून दिसते. काहींना ते चालतं. मला नाही चालत.

प्रिन्सेस कटमध्ये टक्स नसतातच. मुंढ्यापासून किंवा खांद्यापासून एक लांब शिलाई छातीवरून खाली येते आणि सगळी खोली त्या शिलाईभर वाटली जाते. त्यामुळे टोक उठत नाही. आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मधला तुकडा सरळ राहतो, हुकपट्टीला हात लावावा लागत नाही. छातीशी जागा हवी तर बाजूच्या तुकड्याची गोलाई वाढवायची. गळा, तीरा, पट्टी जिथल्या तिथे. मी स्वतःसाठी हा कट शिवायला लागले तेव्हापासून ब्लाउजला आतून पिन लावावी लागलेली नाही.

पुढे अंग बदललं तरी वाव असतो. दोन्ही शिलायांच्या आत अर्धा इंच मार्जिन ठेवलं असेल, तर प्रत्येक कडेला पाव इंच सोडून एकूण एक इंच मिळतो, तोही नेमका हवा तिथे. अट एकच. गोलाई बसावी म्हणून शिलाईच्या आत कात्रीने जे काप देतात ते उथळ हवेत. काप शिलाईपर्यंत गेले की सोडायला काही उरत नाही. टेलरला हे आधीच सांगून ठेवा, नंतर सांगून उपयोग नाही.

या कटला शिवणारा हात मात्र चांगला लागतो. मुंढ्यातून निघणारी गोलाई तीव्र असते, घाईत शिवली तर चुण्या पडतात. खांद्यातून निघणारी शिवायला सोपी, आणि ठेंगण्या, धड आखूड असलेल्या बाईला जास्त खुलते. पदराखाली एक बाजू गेली तरी उजवीकडची ती एक उभी रेष पुरेशी असते. खाली बेल्ट नसल्याने भरलेल्या अंगावर कड वर सरकू शकते. त्यासाठी मी लांबी अर्धा इंच जास्त धरते आणि आतून रुंद पट्टी लावते.

कट कुठलाही घ्या, अंगाप्रमाणे फेरफार लागतातच. उतरत्या खांद्यांना रुंद चौकोनी गळा टिकत नाही. खांद्याचा उतार बाहेरच्या टोकाला पाव इंचाने वाढवायचा आणि मागे नाडी ठेवायची. खांदे रुंद असतील तर बोटनेक टाळून व्ही गळा घ्यावा. दंड भरलेले असतील तर बाही दंडाच्या सगळ्यात जाड जागी संपू देऊ नये, कोपराच्या जरा वर आणावी. माझ्या सासूबाईंच्या पाठीला बाक आहे. त्यांच्या ब्लाउजची पाठ मी पुढच्या भागापेक्षा अर्धा-पाऊण इंच उंच कापते आणि मागचा गळा खोल ठेवत नाही, म्हणजे पाठीमागून ब्लाउज वर चढत नाही.

आणि मुंढा खोल मागू नका. मोकळं वाटेल म्हणून बायका तो खोल करून घेतात, पण खोल मुंढ्याच्या ब्लाउजमध्ये हात वर केला की अख्खा ब्लाउज हाताबरोबर उचलला जातो. काखेला लागणार नाही एवढा वरचा मुंढा आणि पुरेशा घेराची बाही, यातच हात मोकळा फिरतो.

शंका असेल तर भारी कापडाला कात्री लावण्याआधी मांजरपाटाचा नमुना करून बघावा. बाह्या नकोत, अस्तर नको. पुढचे दोन भाग आणि पाठ धावदोऱ्याने जोडायची, हुकांच्या जागी टाचण्या लावायच्या आणि अंगात घालून खुर्चीत बसायचं. दोन टाचण्यांच्या मधलं कापड बाजूंकडे ओढलं जातंय का, एवढंच बघायचं. ओढलं गेलं तर बाजूच्या तुकड्याची गोलाई पाव इंचाने वाढवून पुन्हा बसायचं. उभं राहून घेतलेल्या ट्रायलमध्ये हे कळत नाही, म्हणून दुकानातही ट्रायल बसूनच घ्या. अस्तराचं सुती कापड रात्रभर भिजवून, वाळवून मगच कापलेलं असावं. नाहीतर पहिल्या धुण्यात ते आकसतं आणि इतकी मेहनत घेऊन बसवलेली शिलाई आतून ओढली जाते.

प्रिन्सेस कटकडे माझा कल आहे हे एव्हाना कळलंच असेल. पण दोन कापडांना मी तो लावत नाही. पैठणीच्या पीसवर मोठे मोर किंवा कमळं असतील, तर उभी शिलाई त्यांना मधोमध चिरते. तिथे मी चार टक्सच घेते आणि एक खोल टक्स दोन उथळ टक्समध्ये वाटून टाकते. दुसरं म्हणजे गुळेदगुड्डचा खण. त्याचा पन्हा कमी, दोन्ही बाजूंना काठ, आणि काठ बाह्यांना आलाच पाहिजे. प्रिन्सेसचे लांब तुकडे त्यात अंग भरलेलं असेल तर बसत नाहीत. कटोरीचे लहान तुकडे बसतात, आणि खणाच्या बारीक विणीत तिची गोल शिलाई फारशी दिसतही नाही. बाकी कॉटन, सिल्क, साधा टू बाय टू काहीही असो, आणि दोन मापांत तीन इंचांच्या वर फरक असेल, तर टेलरला प्रिन्सेस कट सांगा आणि आत मार्जिन सोडायला लावा.