बाबांचा बिडाचा कटर, वर्षभराच्या वापरानंतर

नव्या ॲल्युमिनियम बॉडीच्या टेबल सॉचं, म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल पात्यावर लाकूड कापायच्या मशीनचं, आर्मेचर (मोटरचा फिरणारा, तार गुंडाळलेला भाग) जळलं आणि सर्व्हिस सेंटरने 'पार्ट मागवलाय' एवढ्या एका उत्तरावर सगळा पावसाळा काढला. आर्मेचर वॉरंटीत धरत नाहीत, हे शेवटी सांगितलं. त्या चिडीत पडवीत पडलेला बाबांचा कटर, म्हणजे याच कामाचं जुनं मशीन, पुसून काढला. तेव्हापासून फणसाचे पाट, सागवानी चौकटी, रिपा, सगळं त्याच्यावरच चाललंय.

मशीन तुमच्या डोळ्यांसमोर असेलच. बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं टेबल, खाली पट्ट्यावर चालणारी दोन एचपीची सिंगल फेज मोटर, वर १० इंची पातं. मोटर मिनिटाला १४४० फेऱ्यांची, तिच्यावर ४ इंची पुली आणि पात्याच्या शाफ्टवर २ इंची, म्हणजे पातं साधारण २८८० ने फिरतं. शाफ्ट एक इंची, आणि आजची १० इंची कार्बाइड पातीही २५.४ मिमी भोकाची सहज मिळतात. बेअरिंगं, पट्टा आणि कपॅसिटर बदलला, बस्स. तिकडे आर्मेचरचे जेवढे मागत होते, त्याच्या निम्म्यातही हे सगळं बसलं. शिवाय ब्रशवाल्या मोटरची किंचाळी नाही, घरात दुपारी कोणी झोपलं असलं तरी काम करता येतं.

सुरुवातीला मी भेटेल त्याला सांगायचो की जुनं मशीन सगळ्याच बाबतीत सरस. आता तसं म्हणणार नाही. एका बाबतीत नवं मशीन निर्विवाद पुढे आहे: पात्यामागची पाचर, म्हणजे रायव्हिंग नाइफ. बाबांच्या कटरला ती कधी नव्हतीच.

फळी उभी फाडताना लाकडातला ताण मोकळा होतो आणि कापलेल्या दोन्ही बाजू मागे जवळ येतात. पात्याचे मागचे दात खालून वर येत असतात. फळी त्यांच्यावर आवळली की ते तिला उचलून थेट आपल्या पोटाकडे भिरकावतात. पाचर त्या खाचेत राहून दोन्ही बाजू मिटू देत नाही. सागवानाची एक रीप माझ्या कमरेशेजारून जाऊन भिंतीवर आपटली. त्या दिवशी मशीन बंद केलं ते पाचर बसेपर्यंत.

आता पाचरीची जाडी. पात्याच्या पत्र्यापेक्षा ती जाड हवी आणि दातांनी पाडलेल्या खाचेपेक्षा बारीक. माझ्या पात्याचा पत्रा २ मिमी, खाच ३ मिमी, म्हणजे पाचर अडीचची. वेल्डिंगवाल्याकडे पत्रा एक तर २ चा, नाही तर ३ चा. '३ चा लावा, चालतोय' म्हणाला. नाही चालत! फळी अडकते, मग माणूस जोर लावतो, आणि जोर लावलेला हात घसरला की समोर पातं असतं. शेवटी लेथवाल्याकडून ३ ची पट्टी घासून अडीचवर आणली. दातांपासून अंतर ३ ते ८ मिमी, उंची पात्याच्या माथ्यापेक्षा जराशी कमी. इथे जुन्या घडणीचा मोठा फायदा झाला. या कटरचं पातं जागेवरच असतं आणि टेबल वर-खाली होतं, त्यामुळे पाचर बॉडीला बोल्टने पक्की केली की अंतर कायम राहतं. पातं वर-खाली होणाऱ्या मशीनला असं बाहेरून बसवणं फार अवघड.

दुसरं, जुना खटक्याचा स्विच काढून डीओएल स्टार्टर, म्हणजे हिरव्या-लाल बटणांचा मोटर स्टार्टर लावा. वीज गेली की त्याची कॉइल सुटते आणि वीज आल्यावर हिरवं बटण दाबेपर्यंत पातं हलत नाही. शेतपंपाला लावतात तो ऑटो, म्हणजे वीज आली की आपोआप मोटर चालू करणारा स्विच, मात्र इथे चुकूनही नको.

कोकणातल्या हवेत बिडावर एका रात्रीत तांबूस थर चढतो. बारीक पॉलिश पेपर, थोडं रॉकेल, कोरडं पुसून वर मेण. खोबरेल तेल लावू नका, ते लाकडात उतरतं आणि मग पॉलिश धरत नाही.

तिरप्या कापाला हा कटर कामाचा नाही. गाइड, म्हणजे लाकूड जिला टेकवून सरकवतो ती पट्टी, दर वेळी दोन्ही टोकांना मोजून बसवावा लागतो, घाईचं काम असलं की वैताग येतो.

भंगारवाले असं मशीन किलोच्या भावाने मागतात, देऊ नका. आधी पट्टा काढून शाफ्ट हाताने वर-खाली हलवून बघा. नुसतं बेअरिंग खेळत असेल तर ते बदलता येतं, शाफ्ट झिजला असेल तर लेथवाला नवा करून देतो. टेबलाला आरपार तडा असेल तरच सोडा, कारण बिडाचं वेल्डिंग भरवशाचं नसतं आणि त्या टेबलावर फिरत्या पात्याजवळ तुमचे हात असणार.