मंडळीची घरभेट सेवा : एका कुटुंबाचा अभिप्राय

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या भागात एक लहानशी ख्रिस्ती मंडळी (चर्च) विश्वासात थकलेल्या, प्रार्थना सुचेनाशी झालेल्या किंवा उपासनेला येणे सोडलेल्या माणसांसाठी घरभेटीची सेवा चालवते. आमच्या मोठ्या वहिनींसाठी आम्ही ती गेल्या हिवाळ्यापासून घेत आहोत आणि काही उणिवा धरूनही ती घेण्यासारखी आहे, असे माझे मत आहे.

वहिनींच्या बाप्तिस्म्याला फार काळ झालेला नाही. सुरुवातीचा उत्साह ओसरला, त्यातच बोंडअळीने कपाशी खाल्ली, माहेरची माणसे बोलेनाशी झाली, आणि बायबल उघडले तरी मनापर्यंत काही पोचत नाही असे त्या म्हणू लागल्या. अशा माणसाला आपल्याकडे सर्रास मिळणारे उत्तर म्हणजे ‘विश्वास कमी पडतो, उपवास धरा’. एका सभेत हेच त्यांना चारचौघांत ऐकवले गेले आणि त्यानंतर त्यांनी त्या सभेचे नाव काढले नाही. घरभेटीला आलेल्या दोन भगिनींनी मात्र पहिल्या दिवशी उपदेशाचा शब्दही उच्चारला नाही. ओसरीवर बसून वहिनींच्या सुपातल्या तुरीच्या शेंगा सोलता सोलता त्यांनी जेवण जाते का, झोप लागते का, एवढेच विचारले आणि निघताना चार ओळींची प्रार्थना केली.

पुढच्या एका भेटीत त्यांनी बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याचा दाखला दिला. ‘१ राजे’ या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात तो रतामाच्या झाडाखाली मरण मागून निजतो, तेव्हा देवदूत त्याला न रागावता निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, तेही दोनदा. देवाची मंद वाणी त्याला ऐकू येते ती त्यानंतर, होरेब डोंगरावर. आधी भाकर, मग वाणी हा क्रम या भगिनी स्वतःही पाळतात आणि मला त्यांच्या सेवेचे सर्वांत मोठे मोल तिथेच वाटते. वचनांची निवडही विचारपूर्वक केलेली असते. स्तोत्र १३ मध्ये दावीद ‘कोठवर’ असे देवालाच पुन्हा पुन्हा विचारतो, आणि स्तोत्र ८८ तर अंधाराच्या उल्लेखावरच संपते. ते वहिनींनी दुसऱ्यांदा वाचायला लावले. इतकी उघड तक्रारही पवित्र शास्त्रात प्रार्थना म्हणून ठेवलेली आहे, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. लक्ष्मीबाई टिळकांचा विषयही एकदा निघाला. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण लक्ष्मीबाईंनी आपला निर्णय कित्येक वर्षांनी, स्वतःच्या गतीने घेतला, हे ऐकून वहिनींपेक्षा आमच्या दादांचीच घाई थोडी कमी झाली.

गोपनीयतेचा नियम कडक आहे. ज्याच्यासाठी प्रार्थना करायची त्याच्या परवानगीवाचून त्याचे नाव रविवारच्या उपासनेत घेतले जात नाही. प्रार्थनेची विनंती म्हणून निघालेली गोष्ट दुपारपर्यंत हातपंपावर पोचते, हे गावात राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

आता उणिवा. कापूस वेचणीच्या दिवसांत भेटी जवळजवळ थांबतात, आणि कुटुंबावर कर्जाचा नि बाजारभावाचा ताण सर्वाधिक असतो तो नेमका तेव्हाच. त्या काळात निदान फोनची व्यवस्था असायला हवी. पुरुषांशी बोलायला तयार असलेले भेट देणारे फारच थोडे आहेत, त्यामुळे दादांसारखी माणसे दारातून ‘सलाम’ करून शेताकडे निघून जातात. महाविद्यालयासाठी शहरात राहणाऱ्या मुलांसाठी तर काहीच सोय नाही. शिवाय भेट कधी संध्याकाळी सहाला ठरते आणि आठला होते. दिवसाला मोजक्याच एसटी असलेल्या भागात हे समजून घ्यावे लागते, पण आधी निरोप देणे अशक्य नाही.

एक गोष्ट त्यांच्या बाजूने आवर्जून नोंदवतो. वहिनींची झोप बरेच दिवस परत येईना, तेव्हा ही केवळ आत्मिक लढाई आहे असे न म्हणता त्यांनी मानसिक आरोग्यासाठी फोनवर मदत करणाऱ्या सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिला आणि डॉक्टरांकडे जाताना एक भगिनी सोबतही आल्या.

सेवेला शुल्क नाही आणि प्रवासखर्च दिला तरी घेत नाहीत. भेट हवी असल्यास उपासनेनंतर पाळक साहेबांना किंवा मंडळीच्या वडिलांपैकी (म्हणजे मंडळीतल्या जबाबदार ज्येष्ठांपैकी) कोणाला एकट्यात सांगावे आणि भगिनी हव्यात की बंधू, हेही त्याच वेळी स्पष्ट करावे, म्हणजे खेप वाया जात नाही.