डायनामो शाबूत होता, ५५,४०० रुपये मात्र गेले

मुंबईतल्या एका गॅरेजने माझ्या ट्रकच्या दुरुस्तीत कसं लुटलं, त्याचा आधी हिशोब सांगतो. डायनामो, म्हणजे चालू इंजिनावर बॅटरी चार्ज करणारं यंत्र, १६,८००. दोन बॅटऱ्या, जुन्यांचे पैसे कापून म्हणे, २८,४००. वायरिंग ३,५००. 'ईसीएम रीसेट', म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचा, ४,५००. मजुरी २,२००. एकूण ५५,४००. बिल म्हणून हातात पडला तो वहीतला फाडलेला कागद, ना शिक्का ना जीएसटी नंबर. आणि गाडीचं खरं दुखणं नंतर निघालं ६५० रुपयांत.

गाडी दहा टायरी, २०१८ ची, बीएस-४. एकच गाडी आहे माझी, मीच चालवतो, सोबत क्लीनर म्हणून भाचा. नाशकाकडून वाशीच्या मार्केटला कांदा आणतो, परतीचं भाडं बहुतेक वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलवरून धरतो. त्या खेपेला कसारा घाटात हेडलाइट पिवळे पडत होते, पहाटे सेल्फ (स्टार्टर) जड फिरत होता. वाशीला माल उतरवला, मुंबईत शिरलो, चहाला थांबलो आणि नंतर सेल्फने नुसतं 'टक' केलं.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. बाइकवरून एक पोरगा येतो, 'काय झालं शेठ?' विचारतो, त्याच्या ओळखीचा मिस्त्री अगदी जवळच असतो. गर्दीच्या वेळेची अवजड वाहनांची बंदी सुरू व्हायला आली होती, वडाळ्याला भाडेवाला फोनवर फोन करत होता. अशा वेळी माणूस चार गॅरेज फिरून भाव काढत बसत नाही. ज्यांना वाटतं की काढावा, त्यांनी एकदा भर दुपारी रस्त्याच्या कडेला बंद ट्रक घेऊन उभं राहून दाखवावं.

दुसऱ्या बॅटऱ्या जोडून गाडी चालू केली, गॅरेजात नेली. मिस्त्री केबिन पुढे करून इंजिनात वाकला, मला म्हणाला, "शेठ, बंद करा, परत चावी द्या." मी चावी फिरवली. भाचा बाजूला बसला होता. तो म्हणाला, "मामा, बॅटरीची लाल बत्ती लागतच नाहीये."

इथेच फसलो. याच क्षणी.

चावी ऑन, इंजिन बंद, तेव्हा ती बत्ती पेटलीच पाहिजे. माझ्या गाडीत त्या बत्तीतूनच डायनामोच्या बारीक वायरीला करंट जातो, त्याने आत चुंबक तयार होतं आणि मग चार्जिंग सुरू होतं. बत्ती पेटत नाही म्हणजे बहुतेक वेळा एक तर बल्ब उडालेला, नाहीतर ती बारीक वायर कुठेतरी सुटलेली. त्या दिवशी सकाळी वाशीत ती नीट पेटत होती आणि गाडी चालू झाल्यावर विझत होती. गॅरेजात दोन मिनिटं तो वाकला काय आणि बत्ती गेली काय! मिस्त्री तिथूनच ओरडला, "बल्ब पण गेला शेठ, मीटरच्या आतला, सगळं वायरिंग खाल्लंय." वायर त्यानेच ओढून बाजूला केली होती. मी खाली उतरून डायनामोच्या मागे बघायचं ते वरच बसून राहिलो, कारण भाडेवाल्याचा फोन चालू होता. रोज डोळ्यासमोर असलेली बत्ती! आजही चावी फिरवताना आधी नजर तिथेच जाते आणि डोकं तापतं.

मग त्याने इंजिन चालू ठेवून व्होल्ट मोजायचा मीटर लावला. २४.१. "बघा, अठ्ठावीस पाहिजे, डायनामो मेला." आकडा खरा होता, तेच तर कसब. बारीक वायर काढली की चांगल्यातला चांगला डायनामोही सहसा चार्ज देत नाही. त्यावर समाधान झालं नाही म्हणून की काय, चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढायला निघाला, 'टेस्ट' म्हणून. ते मात्र मी करू दिलं नाही. कुणालाच करू देऊ नका. बॅटरी सुटली की डायनामोचं व्होल्टेज एकदम उसळतं, डायोड उडतात, ईसीएमला धक्का बसतो. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांच्या वेळची ही खोड आहे, आताच्या गाडीत ती हजारोंत पडते.

बाकी झटपट उरकलं. 'नवा' डायनामो आला, बॅटऱ्या आल्या, बारीक वायर गुपचूप जागेवर गेली, मीटर २८ दाखवू लागला आणि बत्तीही पेटली. बल्ब न बदलता! जुना डायनामो आणि जुन्या बॅटऱ्या त्याने ठेवून घेतल्या. पुरावाच त्याच्या गोदामात गेला.

थोड्याच दिवसांत सेल्फ पुन्हा जड. हेडलाइट पुन्हा पिवळे. मग कळंबोलीला एका म्हाताऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्याने काही उघडलं नाही. इंजिन चालू, हेडलाइट चालू, मीटरची एक पिन डायनामोच्या मागच्या जाड बोल्टवर, दुसरी डायनामोच्याच बॉडीवर: २८.१. मग दोन्ही पिना बॅटऱ्यांच्या टोकांना: २६.३. "चाचा बोलतो ते ऐक," म्हणाला, "माल तयार होतोय, पोचत नाहीये." १.८ व्होल्ट वाटेत गायब. इंजिन ते चासीची अर्थिंगची पट्टी अर्धी तुटलेली, वर हिरवा गंज, बॅटरीच्या जाड वायरीचं लग, म्हणजे टोकाची धातूची पकड, पांढरं पडलेलं. पट्टी बदलली, लग घासून परत दाबलं, बॅटरीवर २७.९ आले. ६५० रुपये. माझ्या जुन्या डायनामोला काहीच झालं नव्हतं, जुन्या बॅटऱ्याही बहुधा अर्धपोटीच राहिल्या होत्या. आणि हा 'नवा' डायनामो? त्याने बोटाने दाखवलं: नेमप्लेटवर, वायरीच्या रबरावरसुद्धा चंदेरी रंगाचे शिंतोडे, बोल्टच्या कडा पान्याने खाल्लेल्या. दुरुस्त करून रंगवलेला जुना माल, १६,८०० ला.

म्हणून सांगतो, तीनशे-चारशेचा डिजिटल मीटर गाडीत ठेवा. रात्रभर उभी असलेल्या चोवीस व्होल्टच्या गाडीत बॅटऱ्या साधारण २५.२ च्या वर, चालू गाडीत २७.५ ते २८.५. दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा, एक १२.६ आणि दुसरी १०.५ असेल तर दोष त्या एकीत. इंजिन बंद ठेवून, चावी ऑन करून डायनामोच्या मागच्या बेअरिंगजवळ स्क्रूड्रायव्हर न्या, ओढला गेला तर आत चुंबक तयार होतंय. पट्टा ढिला आहे का ते हाताने बघा, पण इंजिन बंद करून. जुना पार्ट गाडीतच टाकून आणा, मग भंगारात विका, पण तुम्ही विका.

आता तक्रारीचं पुराण. गॅरेजवाला म्हणाला, "मी तुम्हाला ओळखतच नाही." कागदावर त्याचं नावच नाही. चौकीत गेलो. पहिल्या चौकीत, "हद्द आमची नाही." दुसऱ्या चौकीत, "पूल ओलांडला की त्यांची हद्द." भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते, हे मी छापून नेलं होतं. साहेबांनी कागद उलटा धरून बघितला आणि म्हणाले, "हे दिवाणी आहे, कोर्टात जा." पार्ट न बदलता पैसे घेतले असते तर फसवणूक, म्हणे. पार्ट तर बदललाय! जुना पार्ट नवा म्हणून विकणं कशात बसतं, हे विचारलं तर जेवायची वेळ झाली. अर्जाची पोच मागितली तर शिक्का सापडेना. शिक्का सापडेपर्यंत मी बाकावरून उठलो नाही, म्हणून एक पोच तरी हातात आली. आरटीओत सांगितलं, गॅरेज आमच्या अखत्यारीत नाही. मग कोणाच्या? माझ्या हेडलाइटला तडा गेला तर चलन त्याच दिवशी फाटतं, तेव्हा अखत्यार बरोबर सापडते.

ग्राहक मार्गदर्शनाच्या एका खिडकीत तर कहर. "ट्रक म्हणजे व्यावसायिक वापर, तुम्ही ग्राहकच नाही." पूर्ण चूक. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९, कलम २(७) खालचं स्पष्टीकरण वाचा: स्वतः काम करून केवळ पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यावसायिक वापरात मोडत नाही. ज्याची एक गाडी आहे आणि तो स्वतः चालवतो, त्याने हे पाठ करून ठेवावं. दहा गाड्यांच्या मालकाला ते लागू व्हायचं नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क नाही, मुदत दोन वर्षं, वकील सक्तीचा नाही.

माझा अर्ज तयार आहे. चाचांकडून मीटरचे आकडे लिहून, सही घेऊन ठेवलेत. पैसे मी यूपीआयने दिले होते, तेवढं तरी बरं केलं. कागदावर नसलेलं नाव बँकेच्या नोंदीत निघालं. चेंबूर-मानखुर्द पट्ट्यात बाइकवाल्या पोराच्या मागे जाऊन कुणी असाच चंदेरी डायनामो बसवून आलं असेल, तर तो उतरवू नका, रंगवू नका, फोटो काढून ठेवा. त्याच माणसाविरुद्ध आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार देता येते, आणि एकट्यापेक्षा चौघं गेलो तर शिक्का लवकर सापडतो.